नत्थुजीची आकडी

नत्थुजीने थाळी वाजवली आणि माणिकबाईने भाकर तव्यावर तशीच टाकून घागर उचलली. पदर खोचून तिने ओसरीवरच्या रांजणातलं पाणी भरून घेतलं आणि छपराला लावलेल्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून ती उभी राहिली. तेवढ्यात त्यांचा मुलगा सहदेव गोठ्यातले बैल सोडून बोळात घेऊन आला. नत्थुजी अंगणाच्या मधोमध थाळी धरून दोघांकडे पाहत होता. एक बैल थांबून दारातल्या कडब्याला तोंड लावू लागला.

"गोणपाट?" नत्थुजी म्हणाला.

माणिकबाई खाली उतरली, रांजणामागचं भिजवलेलं गोणपाट तिने खांद्यावर टाकलं आणि पुन्हा पायरीवर पाय ठेवला.

"आता झालं. बांध बैल," नत्थुजी सहदेवला म्हणाला.

आतून भाकर करपल्याचा वास येऊ लागला होता. नत्थुजीच्या घरात आगीच्या भीतीने चाललेल्या या सरावात जेवढ्या भाकरी जळल्या तेवढ्या बाकीच्या सगळ्या गावात मिळून जळल्या नसतील, असं लोक म्हणत. नत्थुजीच्या कानावर ते होतं. करपलेली भाकर तो मुकाट्याने आपल्याच ताटात ओढून घेई, तिच्यावर ठेचा पसरी आणि खाता खाता बाहेरच्या वाऱ्याकडे कान देई.

त्याच्या वेडाला कारण होतं. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कोणाची, कोणाशी, हे गावात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. ती एवढ्यात मिटू नये, अशी मात्र सगळ्यांची मनापासून इच्छा होती. हिवरखेडहून अकोल्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. येणारा-जाणारा प्रत्येक गाडीवान अकोल्याचा नवा भाव सांगून जाई आणि तो कालच्यापेक्षा चढाच असे. आज विकणाऱ्याला उद्या पस्तावा होई. म्हणून कोणी विकेचना. कापूस घराघरांत आढ्याला जाऊन टेकला. माणसं कापसावर निजू लागली, कापसाला टेकून जेवू लागली. चुलीपासून हातभर अंतरावर कापसाचा ढीग आणि डोक्यावर गवताचं छप्पर, अशा थाटात गाव श्रीमंत होण्याची वाट पाहत होतं.

नत्थुजीच्या घरातही तेच होतं. पुढच्या दोन्ही खणांत कापूस भरलेला. तो विकून छपरावर गवताच्या जागी मातीचे कवेलू चढवायचे, म्हणजे आगीची धास्ती कायमची जाईल, असा त्याचा हिशेब होता. आगीतून सुटायचं म्हणून तो घरात कापूस साठवत होता, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती असं नाही. पण भाव चढत असताना कापूस विकण्याइतका तो वेडा नव्हता.

माघात तेल्हाऱ्याकडचं एक खेडं एका दुपारीत जळून गेलं. नत्थुजी मुद्दाम तिकडे जाऊन ते पाहून आला.  दुसऱ्या दिवशी तो जुन्या वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घेऊन लोहाराकडे गेला आणि तिची चांगली वीतभर तोंडाची आकडी करवून आणली. लांब बांबूच्या टोकाला ती बसवली, तिच्या मुळाशी जाड दोर बांधला. आकडी आढ्यात अडकवायची आणि दहा जणांनी दोर ओढायचा, म्हणजे अख्खं छप्पर खाली येतं, हे तो त्या जळलेल्या गावातून शिकून आला होता. तिथल्या लोकांना ते गाव जळून गेल्यावर सुचलं होतं.

मग त्याने ही गोष्ट खुशालराव पाटलांच्या कानावर घातली आणि चावडीत बैठक भरली. नत्थुजीचं म्हणणं सरळ होतं. आग लागली की ती विझवत बसायचं नाही. तिच्या वाटेतलं एक घर पाडून मधे मोकळी जागा करायची. कोणतं घर पाडायचं ते वारा ठरवील. घराच्या मालकाला मुळीच विचारायचं नाही, कारण विचारलं तर जगातला कोणताच मालक हो म्हणणार नाही. आकडीचा सराव आधीपासून करत राहायचा. आणि पाडलेलं घर मृगाच्या आत सगळ्या गावाने मिळून पुन्हा उभं करून द्यायचं. नत्थुजीचा शेजारी शालिकराम मान डोलावून सगळ्यांत आधी हो म्हणाला, मग बाकीचे म्हणाले. एवढं एकमत त्या चावडीत कधी झालं नव्हतं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे शेजाऱ्याचं घर होतं.

नत्थुजीच्याही होतं. त्याचं घर गल्लीच्या उगवतीच्या टोकाला. मावळतीला शालिकरामचं आणि त्याच्यापुढे बाकीची घरं ओळीने थेट मारुतीच्या पारापर्यंत. उन्हाळ्यात वारा मावळतीचा. म्हणजे आग आली तर पाराकडून घरं खात खात येणार, शालिकरामचं घर धरणार आणि मग नत्थुजीचं. शालिकरामचं घर वेळेवर खाली आणलं तर ती तिथेच अडेल. एक घर जाईल आणि एक वाचेल; जाणारं शालिकरामचं आणि वाचणारं आपलं. नत्थुजीने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. त्याला त्याची थोडी लाजही वाटत असे, पण लाज वाटली म्हणून वारा काही दिशा बदलत नव्हता.

बांबू कापण्याआधी माप घ्यायला हवं होतं. एका सकाळी तो आकडी काढून नुसता बांबू घेऊन शालिकरामच्या अंगणात गेला, माणिकबाईला बुडाशी धरायला लावलं आणि आढ्याला मोहोळ लागल्यासारखं दिसतं, असं म्हणत टोक आढ्यापर्यंत नेऊन पाहिलं. शालिकराम ओसरीवर दोर वळत बसला होता. त्याने एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा नत्थुजीकडे.

"लागलं असन तं काढून घ्या, भाऊ," तो म्हणाला आणि पुन्हा दोर वळू लागला.

घरी येऊन नत्थुजीने बांबूवर कोयत्याने खूण केली. माणिकबाई बाजूला उभी होती.

"अन् वारा उलटा सुटला तं?" तिने विचारलं.

"वैशाखात वारा मावळतीचाच राह्यते."

ती जात्याशी जाऊन बसली आणि त्या दिवशी तिने गरजेपेक्षा जास्त ज्वारी दळली.

नत्थुजीचे नियम घरात एकेक करून वाढत गेले. त्यांतला एक माणिकबाईला फार जड गेला. काड्यापेटी तेव्हा गावात कोणाकडे नव्हती. चूल विझली की बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जाई आणि शेजारीण आपल्या चुलीतला विस्तू त्यावर ठेवून देई. विस्तवाला नाही म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी नाकारण्यासारखं होतं. नत्थुजीने ते बंद केलं. सकाळचा स्वयंपाक आटोपला की चुलीत पाणी ओतायचं आणि दिवस मावळून वारा पडेपर्यंत घरातून विस्तू कोणाला द्यायचा नाही. माणिकबाई पाणी ओतत असे. पण राखेखाली, चुलीच्या एका कोपऱ्यात, ती एक निखारा जिवंत ठेवी. चूल पार विझलेली तिला बघवत नसे.

उगवतीच्या बाजूची नत्थुजीला काळजी नव्हती. तिकडे बोळ ओलांडला की पार्बताबाईची झोपडी होती आणि झोपडीभोवती तिचा मळा. पार्बताबाई एकटी बाई, जातीची माळीण. वांगी, मेथी, झेंडू, बारा महिने काही ना काही हिरवं. विहिरीचं पाणी पाटातून सारखं खेळतं. ओल्या मळ्यातून आग कशाला येईल? तिकडे पाठ करून बसावं, असा तो भरवशाचा मळा होता.

पण त्या साली पार्बताबाईनेही वांगी उपटून टाकली आणि कापूस लावला. हिवरखेडच्या बाजारात वांगी घेऊन बसलं की दिवसभर घासाघीस करावी लागे, आणि कापसाला तर व्यापारी घरी येऊन मागत होते. तिचं काय चुकलं? वेचणी झाली, झोपडी कापसाने भरली. उपटलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, तिने जळणाला म्हणून झोपडीच्या दाराशी रचल्या. मळ्याच्या जागी भेगाळलेली काळी जमीन उरली. नत्थुजी रोज त्या बोळातून येत-जात होता. त्याला पऱ्हाट्यांचा ढीग दिसत होता, मळा गेलेलाही दिसत होता. पण आग कुठून येणार ते त्याने एकदा ठरवून टाकलं होतं, आणि ठरवून टाकलेली गोष्ट पुन्हा पाहण्याची सवय त्याला नव्हती.

वैशाखातल्या एका दिवशी सहदेव भावाचा अंदाज घ्यायला अकोल्याला गेला होता. जेवण करून नत्थुजी ओसरीवर आडवा झाला. ऊन कलल्यावर पार्बताबाई हातात गोवरी घेऊन अंगणात आली.

"माणिकबाई, इस्तो देता काय वो थोडासा?"

माणिकबाई चुलीकडे वळली आणि मग तिने ओसरीकडे पाहिलं. नत्थुजी डोळे मिटून होता, पण झोपलेला नव्हता.

"चुलीत पाणी ओतलं, बाई," ती म्हणाली.

 पार्बताबाईला राग आला नाही. नत्थुजीचे नियम तिला ठाऊक होते. ती शालिकरामकडे गेली. त्याच्या बायकोने विस्तू दिला. गोवरीवर तळहाताचा आडोसा धरून ती परत नत्थुजीच्याच अंगणावरून आपल्या झोपडीकडे निघाली. माणिकबाई दारात उभी राहून तिला जाताना पाहत होती. तिला वाईट वाटत होतं. एवढं वाईट वाटत होतं की तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून सांगायचं काय, ते तिला कळलं नाही.

तेवढ्यात वावधन सुटलं. वैशाखात दिवस कलताना असं वादळ एखाद्या वेळी येतं. उगवतीकडून धुळीचा पडदा उठला आणि बघता बघता गल्लीवर येऊन आदळला. पार्बताबाई दाराशी पोचली होती. तिने गोवरी पदराखाली घेतली. पण निखारा उडाला आणि पऱ्हाट्यांच्या ढिगात पडला. वाळक्या पऱ्हाट्यांनी वेळ लावला नाही. पार्बताबाईने हातांनी ढीग विस्कटायचा प्रयत्न केला. मग हात भाजले तशी ती ओरडत बोळात आली. तोवर झोपडीचा कूड पेटला होता आणि आतला कापूस नुसता भपकन उजळला.

नत्थुजीने थाळी वाजवली. आजवर इतक्यांदा वाजली होती की ऐकून गावात काही जण हसलेही असतील. मग धूर आला आणि लोक धावले.

नत्थुजीला काय करायचं ते माहीत होतं. आकडी घेऊन तो गल्लीत आला आणि त्याच्या पायांनी त्याला सवयीने शालिकरामच्या अंगणात नेलं. बांबू उभा केला, आकडी आढ्याला लागली. माप अगदी बरोबर होतं. शालिकराम दारात उभा होता, त्याची बायको त्याच्या मागे.  शालिकराम त्या आकडीकडे पाहत राहिला.

तेव्हा पाठीमागून धुराचा लोट आला आणि नत्थुजीला मागे टाकून पुढे पाराकडे निघून गेला. नत्थुजीने वळून पाहिलं. झोपडीच्या ठिणग्या बोळावरून उडून त्याच्या स्वतःच्या छपरावर येत होत्या. त्याचं छप्पर पेटलं की मग शालिकरामचं, मग पुढचं, मग सगळी ओळ पारापर्यंत.

खुशालराव पाटील धापा टाकत आले, मागून बाकीचे. सगळ्यांनी नत्थुजीच्या छपराकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. मालकाला विचारायचं नाही, असं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही. पण मालकाच्याच हातात आकडी असली तर ती कोणी काढून घ्यायची, हे चावडीत कोणाला सुचलं नव्हतं. नत्थुजीने बांबू दोन्ही मुठींनी आवळून धरला होता. घरात वर्षाचा कापूस होता. बापाने घातलेलं आढं होतं. वारा आत्ता पडेल, एवढ्यात पडेल, असं त्याला वाटत होतं, आणि तसं त्याला मनापासून वाटावं इतकी त्याला भीती वाटत होती.

माणिकबाई शिडीवर चढली नव्हती. ती घागरीमागून घागर रांजणातून उपसत होती आणि आत जाऊन कापसावर ओतत होती. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग शालिकरामची बायको पुढे झाली, मग आणखी बाया झाल्या. घर वाचवायला भरून ठेवलेलं पाणी सगळं कापसात गेलं. रांजण रिते झाल्यावर माणिकबाई ओल्या लुगड्याने बाहेर आली, सरळ नवऱ्यापाशी गेली आणि तिने बांबूला हात घातला. त्याच्या मुठी सोडवायला तिला थोडा जोर लावावा लागला. आकडी तिने शालिकरामच्या हातात दिली.

"वढा, भाऊजी."

शालिकरामने नत्थुजीकडे पाहिलं.

"तिकडे पाहू नोका," माणिकबाई म्हणाली. "मालकाले इचाराचं नाई, असंच ठरलं व्हतं ना."

शालिकराम नत्थुजीच्या अंगणात गेला. गावात आकडीचा सराव होई तेव्हा तो कधी पुढे आला नव्हता. बाजूला तंबाखू मळत बसायचा. पण त्या दिवशी त्याने बांबू उचलला आणि पहिल्याच खेपेला आकडी आढ्याच्या सांध्यात बसवली. ते आढं दोन लाकडं जोडून केलेलं होतं आणि जोड गवताखाली दडलेला होता. दोर ताणला. पाटलांनी स्वतः हात लावला. छप्पर एकदा कण्हल्यासारखं वाजलं आणि खाली बसलं. लोकांनी गवत, वासे, काड्या ओढून ओढून मारुतीपुढच्या मैदानात नेल्या आणि उघड्या पडलेल्या ओल्या कापसावर टोपल्यांनी माती टाकली. ठिणग्या आल्या, मातीवर पडल्या आणि विझल्या. वारा बराच वेळ चालला. मग तो पडला. गल्लीतलं दुसरं एकही घर जळलं नाही.

त्या संध्याकाळी नत्थुजी पारावर जाऊन बसला. कोणी त्याला शहाणा म्हणालं, कोणी देवमाणूस. त्याला दोन्ही ऐकवत नव्हतं. आपल्याच नियमाने आपल्याला लुटलं, असं त्याला वाटत होतं. आणि शालिकरामच्या आढ्याला लागलेली आकडी अख्ख्या गल्लीने पाहिली, हे त्याहून जास्त टोचत होतं.

माणिकबाई पार्बताबाईच्या हातांना खोबरेल लावत होती.

"चुलीत निखारा व्हता," ती खाली मान घालून म्हणाली. "म्या नाई म्हनलं."

पार्बताबाईने हात तसेच पुढे धरून ठेवले.

"वारा व्हता, बाई," ती म्हणाली.

नत्थुजी, माणिकबाई आणि पार्बताबाई, घर नसलेली तिघंही माणसं शालिकरामकडे राहायला गेली. नत्थुजी नको म्हणत होता, पण त्याला विचारलंच कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहदेव अकोल्याहून आला तो चढा भाव तोंडावर घेऊनच. अंगणात आल्यावर चार भिंती आणि वर मोकळं आभाळ पाहून तो भाव त्याच्या तोंडातच राहिला. कापूस वाळवला तो पिवळा पडला. गाद्या-गोधड्यांपलीकडे त्याची किंमत उरली नाही. पुढे थोड्याच दिवसांत लढाई मिटल्याची बातमी आली आणि सगळ्यांच्याच घरातल्या कापसाचा भाव गडगडला. नत्थुजीचा बाकीच्यांच्या थोडा आधी गेला, एवढाच काय तो फरक. गाव मात्र म्हणू लागलं, की नत्थुजीला पुढचं दिसतं.

एका दुपारी बियाण्याच्या ज्वारीचं गाठोडं ठेवायला नत्थुजी शालिकरामच्या माळ्यावर चढला. शालिकराम शेतात गेला होता. माळ्यावर तुरीच्या काड्या रचलेल्या होत्या. गाठोड्याला जागा करायला त्याने काड्या बाजूला सारल्या, तर खाली बांबू लागला. ओढून पाहिला तर ओढता ओढता संपेना. टोकाला आकडी होती.

आधी त्याला वाटलं, आपलीच कोणीतरी आणून ठेवली. पण त्याची खाली ओसरीवर खुंटीला होती. ही दुसरी होती, थोडी लहान, नीट घासलेली, तेल लावून ठेवलेली. बांबूवर कोयत्याची खूण होती. नत्थुजीने ती बोटाने चाचपली. घरात कोणी नाही असं पाहून त्याने बांबू खाली उतरवला आणि अंगणातून आपल्या पडक्या घरात नेला. मधला खांब अजून उभा होता. बांबू त्याच्याशी उभा केला तेव्हा खूण बरोबर तिथे आली, जिथे परवापर्यंत त्याचं आढं होतं.

तो तिथेच जमिनीवर बसला. त्याला राग आला. मग त्याला आठवलं, की चावडीत सगळ्यांत आधी मान कोणी डोलावली. पहिल्या खेपेला आकडी सांध्यात कशी बसली. आणि आपण होळीला जेवायला बोलावलं तेव्हा शालिकराम जेवता जेवता वर काय पाहत होता. राग फार वेळ टिकला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. पारावरच्या त्या संध्याकाळपासून छातीवर जे ओझं होतं, ते कोणीतरी एका बाजूने उचलून धरावं तसं झालं. त्याने बांबू परत नेला, होता तसा ठेवला आणि वर काड्या रचल्या. गाठोडं दुसरीकडे ठेवलं. माणिकबाईला त्याने सांगितलं नाही.

मृग जवळ आला तसं गाव कामाला लागलं. आधी पार्बताबाईची झोपडी झाली. ती विहिरीकडे सरकवून बांधली आणि पार्बताबाईने कोणी न सांगता तिच्याभोवती वांग्याची रोपं लावली. दिवस कलला की माणिकबाई स्वतःच तिच्याकडे विस्तू घेऊन जाई, झाकणीच्या मडक्यात घालून. नत्थुजीने ते मडकं पाहिलं होतं. नियम मोडला, असं तो म्हणाला नाही.

मग नत्थुजीच्या घराचा दिवस आला. लाकूड पाटलांनी दिलं, गवत ज्याने-त्याने. सुतार खांबावर चढून बसला होता. शालिकराम खाली वासे तासत होता, बाया माती कालवत होत्या.

"नत्थुजी, आढं किती उंच घेऊ?" सुतार वरून म्हणाला.

नत्थुजी शालिकरामकडे वळला.

"शालिकराम, किती घ्याचं रे?" त्याने विचारलं.

"व्हतं तेवढंच घ्या, भाऊ," शालिकराम वाशावरून नजर न उचलता म्हणाला.

"व्हतं तेवढं म्हंजे किती? माप पाह्यजे."

"आता माप कुठून आनाचं?"

"तुह्या माळ्यावरचा बांबू आन."

शालिकरामचा कोयता वाशात रुतला तो तसाच राहिला. त्याने नत्थुजीकडे पाहिलं नाही. तो त्या कोयत्याच्या मुठीकडेच पाहत होता. माणिकबाईने मातीची टोपली खाली ठेवली आणि ती दोघांकडे पाहू लागली. मग शालिकराम उठला, हात धोतराला पुसले आणि घरात गेला. आतून तुरीच्या काड्या सारल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. आकडी बांबूवरून काढायची म्हटली तर तेवढा वेळ पुरेसा होता.

तो बाहेर आला तेव्हा आकडी बांबूवर तशीच होती.

सगळ्यांनी ती पाहिली. पाटलांनी पाहिली आणि ते गवताच्या पेंढ्या मोजायला लागले. नत्थुजीने बांबू हातात घेतला, खांबाला लावून सरळ उभा केला आणि सुताराने कोळशाने खुणेची रेघ मारली.

"बराबर हाये," नत्थुजी म्हणाला आणि बांबू शालिकरामला परत दिला. "जागच्या जागी ठेव. पन काड्यायच्या खालते नोको ठेवू. वरतं ठेव. येळेवर सापडली पाह्यजे."

शालिकरामने मान हलवली आणि बांबू घेऊन तो आत गेला.